भाषांच्या ओळीत काय लिहायचं?

शनिवारी इथं जर्मनीत केअरवोखची, म्हणजे जिना-तळघर झाडायच्या पाळीची, पाटी आमच्या दाराला होती. जिना आणि तळघर झाडून वर आलो, फोन उघडला, तर बेळगावच्या घरच्या ग्रुपवर 84 मेसेज. विषय भाच्याचा बायोडेटा. पोरगं बी.ई. मेकॅनिकल झालंय, बेंगळुरूच्या एका कंपनीत मुलाखत ठरलीय. त्यानं 'लँग्वेजेस नोन'च्या ओळीत मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी लिहिलं आणि कागद ग्रुपवर टाकला.

दाजींचा पहिला मेसेज असा: "कन्नड काढ. आम्ही 1 नोव्हेंबरला काळ्या फिती लावून फिरायचं आणि पोरानं कागदावर कन्नड मिरवायचं?" मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या क्लासचे सर त्याला नेमकं उलटं सांगून बसलेत. कन्नड वर घे, मराठी खाली ढकल, शाळा मराठी माध्यमाची होती हे तर लिहूच नको. पोरानं मला वेगळा मेसेज केला, "मामा, काय ठेवू?"

राग मला दोघांचाही आला. दाजींचा जास्त, कारण ते घरचे.

दाजी, तुमचं दुखणं मला ठाऊक नाही असं समजू नका. 17 जानेवारीला आजोबांचं बोट धरून मी हुतात्मा चौकात उभा राहिलोय. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात घालायचं ठरलं तेव्हा गोळीबार कसा झाला ते त्यांच्या तोंडून ऐकलंय. 1967 साली बेळगाव तिकडंच राहू द्या म्हणणारा महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा घरात चूल पेटली नव्हती, हे आजी सांगायची. 2004 पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे आणि निकाल लागेल तेव्हा मी इथं ऑफिसात असलो तरी फोनला चिकटून बसणार आहे. पण तो दावा माझ्या भाच्याच्या बायोडेटातल्या एका ओळीवर टिकून आहे का? समोर बसणाऱ्याला एवढंच बघायचंय की रात्रपाळीला मशीन बंद पडलं तर हा पोरगा ऑपरेटरशी बोलू शकेल की नाही.

आणि तो बोलू शकतो की. बेळगावच्या उद्यमबागेत मी स्वतः दोन वर्षं फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात काढली. वाळूचे साचे करणारे मोल्डिंगवाले मराठी बोलायचे, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, बैलहोंगलकडची कन्नड पोरं, भट्टीवर बिहारचे. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, निघालं की दोष वाळूचा, ओलाव्याचा की ओतणाऱ्याचा, हे तीन भाषांत भांडून ठरायचं. पुण्याच्या पोराला हे जमत नाही, बेंगळुरूच्याही नाही. आमच्या सीमाभागातल्या पोराकडं ते जन्मानं येतं, आणि त्यालाच आपण सांगतो की हे झाक.

इथं मी चौतिसाव्या वर्षी जर्मन शिकलो. कामावरून आल्यावर रात्री नऊपर्यंत क्लास, बी-1, मग त्याच्या वरची पातळी बी-2. ब्ल्यू कार्डवाल्याला, म्हणजे परदेशातून नोकरीला आलेल्या शिकलेल्या माणसाला, बी-1 असेल तर 21 महिन्यांत कायम राहायचा परवाना मिळतो, नुसतं सुरुवातीचं ए-1 असेल तर 27. भाषेची किंमत अशी महिन्यांत मोजून दिलेली. मी जर्मनचं सर्टिफिकेट बायोडेटाला जोडलं तेव्हा दाजींनीच पेढे वाटले होते. मराठी सोडली, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. मग कन्नडनंच काय घोडं मारलंय?

जुलै 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं खासगी कंपन्यांत स्थानिकांसाठी व्यवस्थापनाच्या 50 टक्के आणि बाकीच्या 70 टक्के जागा ठेवायचं विधेयक मंजूर केलं. उद्योगवाले खवळले आणि दोन दिवसांत ते बाजूला ठेवावं लागलं. आमच्या ग्रुपवर तेव्हा नुसती आग होती. मलाही ते विधेयक पटलं नव्हतं. मला इथं नोकरी देताना जन्म कुठला हे कुणी विचारलं नाही, काम येतं का आणि भाषा येते का एवढंच विचारलं. पण दाजी, त्या विधेयकातली स्थानिकाची व्याख्या नीट वाचा. राज्यात जन्म, 15 वर्षं वास्तव्य, कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणं. तुमचा मुलगा बेळगावात जन्मला, अनगोळात वाढला, दहावीला त्याला कन्नड विषय होता. ज्या कागदाला तुम्ही शिव्या दिल्या, त्या कागदानं त्याला हक्काचा माणूस म्हटलं असतं. तुम्हीच त्याला त्या ओळीतून खोडायला निघालाय.

ग्रुपवर एकानं लिहिलं, "तिकडं बसून शहाणपण सोपं आहे." सोपं नव्हतं. 41 अर्ज केले तेव्हा पहिली नोकरी लागली. 2006 च्या भेदभावविरोधी कायद्यापासून इथं अर्जाला फोटो सक्तीचा नाही, तरी बरेच जण लावतात, म्हणून स्टुडिओत गेलो आणि त्या फोटोसाठी मिशी काढली. आईनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि बराच वेळ बोललीच नाही. उद्यमबागेतल्या जुन्या मालकांनी प्रेमानं लिहून दिलेलं पत्र होतं: याने नेहमी मनापासून प्रयत्न केला. मी ते तसंच जर्मन करून जोडत होतो. इथल्या आर्बाइट्सत्सॉइग्निसमध्ये, म्हणजे मालकानं दिलेल्या कामाच्या दाखल्यात, 'प्रयत्न केला' याचा अर्थ याला काम जमलं नाही असा होतो. चांगल्या माणसाबद्दल 'सदैव आमच्या पूर्ण समाधानाने' असं लिहावं लागतं. शेवटी एका मुलाखतीत एका बाईनं हळूच विचारलं, तेव्हा कळलं. आमच्या गावानं मला दिलेला सगळ्यात चांगला शब्द मी सात महिने स्वतःविरुद्ध पुरावा म्हणून दाखवत फिरत होतो.

त्यानंतर मी बायोडेटा पुन्हा लिहिला, आणि आता जे सांगणार आहे ते दाजींना कधी सांगितलेलं नाही.

भाषांच्या ओळीत मी कन्नड लिहिलं नाही. इथं त्याचा उपयोग नव्हता हे खरं, पण मराठीचा तरी काय होता? ती लिहिली. कन्नड मी त्याआधीच टाकलं होतं, 2008 साली, पुण्यात. पहिल्या मुलाखतीला मी "हाय की सर" म्हणालो आणि समोरचे दोघे एकमेकांकडं बघून हसले. "बेळगाव म्हणजे तुम्ही कानडी का हो?" मी नको इतक्या जोरात नाही म्हणालो. बाहेर येऊन झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटा बदलून घेतला, कन्नड काढलं आणि बोलण्यातला 'की'ही गिळायला शिकलो. ज्या मराठीसाठी आजोबा तुरुंगात गेले, तिच्या राजधानीत मला माझी मराठी लपवावी लागली. बेंगळुरूत गेलो असतो तर उरलेली लपवावी लागली असती. इथं कुणी विचारलं की कुठले, तर मी 'गोव्याजवळ' म्हणून मोकळा होतो. कुणी पुढं विचारत नाही आणि मला बरं वाटतं, हे कबूल करताना लाज वाटते.

आमच्या प्लांटमध्ये हुबळीचा एक माणूस आहे. जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर आईशी बोलतो. "ऊटा आयता?" असं ती रोज विचारते, स्पीकरवर ऐकू येतं. जेवण झालं का, एवढंच. माझ्या आईसारखीच विचारते. चार वर्षं मी शेजारी बसून ते सगळं समजतोय आणि आम्ही दोघं जर्मनमध्ये बोलतो. त्याला माहीत नाही. सुरुवातीला सांगितलं नाही, आणि मग सांगायची वेळ निघून गेली असं वाटत राहिलं.

भाच्याला रात्री उत्तर लिहिलं. मराठी पहिली लिही, पुढं मातृभाषा असं लिही. दुसरं कन्नड, लिहिता-वाचता-बोलता येतं असं स्पष्ट. शाळेचं माध्यम मराठी, तेही राहू दे. कुणी विचारलं तर सांग, मराठी, कन्नड, हिंदी तिन्हींत वाळूचा ओलावा किती हवा ते सांगू शकतो. दाजींना दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. ताईनं फक्त विचारलं, "जेवलास काय?"

मग कंपनीच्या पोर्टलवर माझं पान उघडलं आणि भाषांच्या रकान्यात कन्नड भरलं. उद्या सोमवार. साडेबाराला हुबळीचा माणूस नेहमीच्या टेबलाशी येईल.