आधी फायली, मग लिनक्स

सप्रेम नमस्कार,

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त संगणक-प्रणाली टाकण्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : टायपिंग-डीटीपीचं दुकान चालवणाऱ्याला असले सल्ले परवडत नाहीत. हिशेबाचं टॅली चालत नाही, प्रिंटर अडून बसतो, पंधरा वर्षांच्या फायली कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये आहेत, आणि जर्मनीतलं म्युनिकसारखं शहरही लिनक्स सोडून विंडोजवर परतलं. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणत लोकांना खड्ड्यात घालू नका, असं तुम्ही बजावलंत.

टॅलीचं तुमचं बरोबर आहे, आणि ते मी मूळ लेखातच सांगायला हवं होतं. टॅली विंडोजसाठी बनतं. ‘वाइन’ हे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन वापरून ते चालवायची खटपट लोक करतात, पण जीएसटीचं रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी त्यावर विसंबू नये. हिशेबाचं एक मशीन विंडोजवरच राहू द्या. प्रिंटरचंही मान्य. माझा एक जुना लेझर प्रिंटर दोन रविवार घालवूनही लिनक्सवर चालला नाही, शेवटी तो भावाला देऊन टाकला.

म्युनिकचं मात्र अर्धंच सांगितलंत. तिथे 2003 मध्ये लिनक्सवर जायचा निर्णय झाला, 2013 पर्यंत जवळपास 15,000 संगणक लिनक्सवर आले, आणि 2017 मध्ये नगर परिषदेने मागे फिरायचं ठरवलं. मधली सगळी वर्षं शहराचा कारभार त्याच संगणकांवर चालू होता. इतक्या लांब तरी कशाला जायचं? केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं कितीतरी वर्षं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकताहेत.

आणि ‘फुकट’ हा शब्द माझा नाही. मी ‘मुक्त’ लिहिलं होतं, म्हणजे ज्याचा ताबा वापरणाऱ्याच्या हाती राहतो असं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणं, संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे काल धडधाकट चालणारं मशीन आज ‘जुनं’ ठरलं, आणि हे ठरवताना मालकाला कुणी विचारलं नाही. मला खुपतं ते हे. पैशाचा मुद्दा त्यानंतरचा.

आता कृतिदेव. तुमच्या पत्रातली खरी अडचण हीच आहे, आणि ती लिनक्समुळे आलेली नाही. कृतिदेवच्या फायलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. ‘राम’ टाइप करता तेव्हा फायलीत जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं जातात. फाँट फक्त त्यांच्यावर र, काना आणि म यांची चित्रं चढवतो. फाँट गेला की राम गेला. तीच फाइल उद्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर उघडली तर त्यालाही कचराच दिसणार, मग तुमच्या दुकानात विंडोज असो की आणखी काही. पंधरा वर्षांचं काम एका फाँटच्या भरवशावर उभं आहे, याची काळजी मला तुमच्या टॅलीपेक्षा जास्त वाटते.

म्हणून माझा सल्ला बदलतो. प्रणाली आज बदलूच नका. आधी फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत आणा, तेही आत्ताच्याच विंडोजवर. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचंही असंच उलटसुलट होतं. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य तर हमखास बिघडतो. नेहमी लागणारे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं असे वीसेक नमुने आधी घ्या आणि एकेक ओळ वाचून तपासा. लग्नपत्रिका मागाहून.

हे झालं की लिनक्सवर मराठीचं काही अडत नाही. युनिकोड मराठी टाइप करायचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. लिब्रऑफिस या मुक्त ऑफिस-प्रोग्राममध्ये जोडाक्षरं नीट उमटतात. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला लोहित फाँट आहे, मराठी वळणाच्या ल आणि श चा विचार केलेला. तुमचा हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला असेल तर इन्स्क्रिप्टला वेळ लागेल. मला दोन महिने लागले, आणि पहिले पंधरा दिवस फार जड गेले.

मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघा. ‘इन्स्टॉल’वर क्लिक करेपर्यंत हार्डडिस्कवरचं काही बदलत नाही. प्रिंटर, वायफाय, स्कॅनर, सगळं तेव्हाच कळेल. प्रिंटर चालला नाही तर पेनड्राइव्ह काढा आणि नेहमीसारखं काम करा.

त्या वीस नमुन्यांपैकी एखादा रूपांतर करताना फारच बिघडला, तर त्यातली नावं-पत्ते काढून मला पाठवा. मी ओळीने दुरुस्त करून परत पाठवीन.