पीथमपूरचे लोक अडाणी नव्हते

इंदूरच्या मावशीने परवा तो फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर ‘अगदी खरंय’ असंही लिहिलं. म्हणणं असं की, भोपाळच्या वायुगळतीवाल्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या कचऱ्याची ४० वर्षांत नुसती माती झाली होती, इंदूरजवळच्या पीथमपूरच्या अडाणी लोकांनी उगाच दंगा केला, तिथल्या भट्टीत कचरा जाळला तर कुणाला काही झालं नाही, विषय संपला.

नुसती माती? एकूण ३३७ टन कचऱ्यात १६२ टन माती होती खरी, पण ती कारखान्याच्या आवारातली, विष मुरलेली. बाकी सेविन हे कीटकनाशक आणि ते बनवायला लागणारं नॅफ्थॉल यांचे अवशेष, अर्धवट बनलेलं कीटकनाशक, रिअ‍ॅक्टरमधला गाळ. भोपाळमध्ये हा माल भरणाऱ्या माणसांच्या पाळ्या ३०-३० मिनिटांच्या होत्या, त्याहून जास्त वेळ कुणाला थांबू देत नव्हते. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ गळतीबंद कंटेनर पीथमपूरला निघाले, तेव्हा अडीचशे किलोमीटर रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता. शेतातली माती अशी नेतात का? सरकारने काळजी घेतली ती योग्यच. मग ज्याच्या गावाशेजारी भट्टी आहे त्याने तीच काळजी केली, तर तो अडाणी कसा?

हाच कचरा आधी अंकलेश्वरला जायचा होता, गुजरातने नाही म्हटलं. जर्मनीला न्यायचा बेत तिथल्या विरोधामुळे बारगळला. नागपूरजवळच्या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) भट्टीचं ठरत होतं, तेव्हा आपल्या महाराष्ट्रानेही नकारच दिला. त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही.

हां, ‘पुन्हा वायुगळती होणार’ ही आवई खोटी होती. १९८४ मध्ये भोपाळला गळलेला तो वायू या कंटेनरमध्ये नव्हताच. दगडफेकीचंही समर्थन मी करणार नाही. धूर मर्यादेत होता असं प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगतं, तेही धरून चालू.

पण विषय संपला म्हणता, तर राखेचं काय? जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त झाली, ८५० टनांच्या वर. ती वस्तीपासून ५०० मीटरवर पुरायचा प्रस्ताव होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो मानला नाही, दुसरी जागा बघा म्हणाले. कचरा हलवायचा आदेश देणारं न्यायालयही हेच. गावकरी तरी वेगळं काय विचारत होते?

आणि भोपाळच्या त्या आवारातली जमीन? नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेच्या अभ्यासात तिथल्या दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा आहे. फॉरवर्डमध्ये हा आकडा कुठेच नाही.