टक्सनमध्ये वाफे खोलगटच हवेत
अ‍ॅरिझोनातील टक्सन या अमेरिकी शहराच्या सामुदायिक बागांवरील एका लेखात उंच वाफ्यांची शिफारस केली आहे, ती मला पटत नाही. जिथे वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तिथे उंच वाफ्यातील माती चहूबाजूंनी तापून लवकर सुकते. याउलट जमिनीच्या पातळीखाली घेतलेल्या वाफ्यात पावसाचे पाणी मुळांपाशी जिरते आणि वर आच्छादन असल्यास ओल बरीच टिकते. मात्र कॅलिशे नावाचा चुनखडीचा थर लागल्यास तो आधी फोडावा लागतो (काम कष्टाचे आहे), अन्यथा पाणी तुंबून मुळे कुजतात. तोहोनो ओओधाम हे इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आलेला, आपल्या मटकीसारखा काटक टेपरी घेवडा मात्र त्या लेखातल्या टोमॅटोच्या कौतुकात पूर्णपणे राहून गेला आहे.