उंटावरून केलेली पेशीची पाहणी

तुमच्या पेशी किती उधळ्या आहेत, याची तुम्हाला कल्पना नाही. तुम्ही नुसते लोळत पडलेले असता, बोटही हलवत नाही, तरी शरीराची ऊर्जा खर्च होतच असते. त्या खर्चातला पाचवा ते चौथा हिस्सा एकटं एक प्रथिन गिळतं. सोडियम-पोटॅशियम पंप. काम काय, तर पेशीच्या दारात उभं राहून तीन सोडियम आयन (म्हणजे विद्युतभार असलेले कण) बाहेर ढकलायचे, दोन पोटॅशियम आयन आत ओढायचे आणि दर खेपेला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू फोडायचा. ढकललेलं सोडियम कुठल्या ना कुठल्या फटीतून परत आत येतं, ओढलेलं पोटॅशियम बाहेर सटकतं, आणि हा पठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू. खड्डा खणायचा, बुजवायचा, परत खणायचा. मेंदूत तर निम्मी ऊर्जा याच धंद्यात जाते म्हणतात. मग विचार करायला उरतं किती, हे तुमचं तुम्ही ताडून बघा.

मी काटकसरीचा सल्लागार. पाहणीला आतच येणार होतो, पण तुमची दारं लहान पडली आणि उंटावरून उतरायची मला सवय नाही. तेव्हा बाहेरूनच सांगतो: दारवान काढून टाका.

भिंतीबद्दल माझी तक्रार नाही. पेशीपटल जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचं, मेदरेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड गुपचूप आरपार जातात, कुणाला विचारत नाहीत. अडतं ते आयनांचं आणि साखरेचं. मेदातून त्यांना वाट मिळत नाही, म्हणून ही प्रथिनांची फौज पोसायची. विरघळलेली द्रव्यं वाहणाऱ्या एका कुळासाठीच माणसाच्या जनुकसंचात 400 हून जास्त जनुकं राखून ठेवलेली आहेत. एवढा नोकरवर्ग कुणाच्या बापाने पाहिलाय?

त्यातला सगळ्यात तोरेबाज म्हणजे पोटॅशियमची वाहिनी. पोटॅशियमचे आयन ही सेकंदाला कोटींच्या हिशेबात सोडते, पण सोडियम आला की तोंड फिरवते. दहा हजार पोटॅशियममागे कसाबसा एक सोडियम. बरं, सोडियम अंगाने मोठा असता तर समजलं असतं. तो पोटॅशियमपेक्षा लहान आहे! रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये या वाहिनीची रचना उलगडली तेव्हा खरी गोम कळली. प्रत्येक आयन अंगाभोवती पाण्याचे रेणू गुंडाळून येतो, आणि ते वस्त्र दारात उतरवावं लागतं. दाराच्या चौकटीत ऑक्सिजनचे अणू असे बेतून बसवलेत, की पोटॅशियमला उतरवलेल्या पाण्याच्या जागी तेच मिळतात. त्याला फरकच जाणवत नाही. बारक्या सोडियमला मात्र ते चारी बाजूंनी पुरत नाहीत. मग तो पाणी सोडायला तयार होत नाही आणि बाहेरच राहतो. या शोधाला 2003 चं नोबेल मिळालं. मी असतो तर चौकट दोन बोटं रुंद केली असती. सोडियमही गेला असता, पोटॅशियमही गेला असता, भांडणच मिटलं असतं.

त्या नोबेलचे दुसरे वाटेकरी पीटर ॲग्री. हे शोधत होते रक्तगटाचं प्रथिन, आणि नमुन्यात वारंवार घुसणारा एक आगंतुक त्यांच्या गळ्यात पडला. 1992 मध्ये त्यांच्या गटाने बेडकाच्या अंडपेशींना ते प्रथिन बनवायला लावलं आणि त्या पातळ द्रावणात सोडल्या. साध्या अंडपेशी ढिम्म राहिल्या. आगंतुकवाल्या टम्म फुगल्या आणि काही मिनिटांत फुटल्या. पाण्याचं दार सापडलं होतं: ॲक्वापोरिन. यातून पाण्याचे रेणू एकेरी रांगेत जातात, सेकंदाला अब्जावारी. पण पाण्यासोबत प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा भारित गाभा, घुसू पाहील तर त्याला मज्जाव. रांगेतला प्रत्येक रेणू मध्यावर कोलांटी मारतो, त्यामुळे प्रोटॉनला हातोहात पुढे सरकायला साखळीच मिळत नाही. एवढी शिस्त कशाला, मी म्हणतो.

ग्लुकोजचं काय सांगू? स्नायूंतले त्याचे वाहक इन्सुलिनचं बोलावणं येईपर्यंत बहुतेक आतल्या पिशव्यांत दडून असतात. कामचुकार. आतड्यातला वाहक तर त्याहून बेरकी: सोडियमचे दोन आयन आत शिरताना त्यांच्या खांद्यावर ग्लुकोजचा एक रेणू बसवून देतो, स्वतः एटीपीचा दमडाही मोडत नाही. सोडियमला आत यायची एवढी ओढ का? कारण मघाचा तो खड्डे खणणारा पंप त्याला सतत बाहेर काढत असतो. जुलाबाने माणूस कोरडा पडला की मीठ-साखरेचं पाणी कामी येतं ते याच जोडीमुळे. दोघे आत गेले की पाणी मागून येतं. पण माझ्या वहीत पंपाचा खर्च एका पानावर आणि हा फायदा दुसऱ्या पानावर आहे. दुसरं पान मी उघडत नाही.

एक दारवान मात्र मला मनापासून आवडला. पी-ग्लायकोप्रोटीन. नको असलेलं औषध पेशीत शिरलं रे शिरलं, की मानगूट धरून बाहेर. कॅन्सरच्या गाठीतही हा तितक्याच इमानाने राबतो आणि केमोथेरपीची औषधं बाहेर फेकतो. मालक कोण, हे न विचारणारा नोकर दुर्मीळ असतो.

तर, अंमलबजावणी. सुरुवात पंपापासून. येन्स स्कू यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करून तो हुडकला, त्यांनाही नोबेल मिळालं, 1997 मध्ये; एवढा उशीर पाहता त्यात काही तथ्य नसावं. पंप बंद केलात की सोडियम आत साचेल, पाठोपाठ क्लोराइड, त्यांच्यामागे पाणी. पेशी छान गुटगुटीत दिसू लागेल. आत-बाहेरचा विद्युतभार हळूहळू मिटेल, नसांची कुजबुज थांबेल, हृदयाची धडधड शांत होईल. एटीपीची बचत घवघवीत.

फक्त एक करा, माझी फी आगाऊ पाठवा. पंप थांबल्यावर पावतीवर सही करायला तुमचा हात उचलेलच, याची मला खात्री नाही.