‘गाठीला सुई लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निपाणी-चिकोडीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “जन्मापासून प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांच्या मानेतल्या गाठी साध्या असतात. सुई लावली की गाठ चिडते, कॅन्सर पसरतो. सहा महिने गुळवेलीचा काढा द्या, आपोआप जिरेल.” मी लॅबमध्ये काम करतो. ज्या बाईंनी मला हा मेसेज दाखवून “अण्णा, हे खरं हाय काय?” विचारलं, त्यांच्या मुलाचं रक्त वर्षापूर्वी मीच तपासलं होतं. आता त्याच्या मानेत गाठ आली होती.

पोरगा तेव्हा दोन वर्षांचा. पावसाळ्याचे दिवस, प्लेटलेट 22 हजार, त्यामुळं सगळे डेंग्यू म्हणून मोकळे. पण गालांवर इसब, कान सारखा वाहता, आणि रिपोर्टच्या तळाशी, जिकडं कुणी बघत नाही तिथं, एमपीव्ही (प्लेटलेटचा सरासरी आकार) 4. एरवी हा आकडा 7 ते 11 असतो. म्हणजे प्लेटलेट नुसत्या कमी नव्हत्या, बारीकही होत्या. स्लाइडवर धूळ पडल्यागत. पुढं जनुक तपासणीत विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम निघालं, म्हणजे जन्मापासून प्रतिकारशक्ती कमी असण्याचाच एक आजार.

आता ‘गाठी साध्या असतात’ हे बघू. साधं अवधान (जंतुसंसर्गानं सुजलेली गाठ) याही मुलांना येतं, पण लिम्फोमाचा (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) धोका त्यांना इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त. एक मोठं कारण एपस्टाईन-बार विषाणू. 1964 साली तो बर्किट लिम्फोमाच्या पेशींत सापडला. तुमच्या-माझ्यापैकी बहुतेकांच्या बी पेशींत तो जन्मभर मुक्कामाला असतो आणि टी पेशी त्याच्यावर पाळत ठेवतात (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार). ही पाळतच जन्मतः ढिली असेल तर बाधित पेशी बेसुमार वाढतात. अमेरिकेत जन्मतः प्रतिकारशक्ती नसल्यानं प्लॅस्टिकच्या बंदिस्त खोलीत वाढलेल्या डेव्हिड व्हेटरचं हेच झालं. 1983 मध्ये बहिणीचा बोन मॅरो दिला, त्यात हा विषाणू लपलेला होता. चार महिन्यांत, बारा वर्षांचा असताना, लिम्फोमानं तो गेला.

‘सुईनं पसरतो’ म्हणे. लिम्फोमाच्या पेशी मुळातच रक्तातून, लसिकेतून फिरणाऱ्या; त्यांना सुईची वाट बघायची गरज नाही. खरं तर अशा मुलात सुईनं काढलेल्या थोड्या पेशींवर भागत नाही, बहुतेकदा अख्खी गाठ काढून बघावी लागते. आपल्याकडं मानेत गाठ दिसली की गंडमाळ म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. या मुलांना टीबीही होऊ शकतो, म्हणून तर अंदाजानं चालत नाही.

काढ्याबद्दल थोडक्यात. जनुकातला दोष काढ्यानं भरून येत नाही. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत. शिवाय काही गावठी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं लिम्फोमाची गाठ चार दिवस बसतेही, आणि नंतरची बायोप्सी (गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासणं) फसते.

एक गोष्ट मात्र मानायला हवी. ‘तपासणीनं कॅन्सर वाढतो’ ही भीती एका आजारात अगदीच पोकळ नाही. अटॅक्सिया टेलांजिएक्टेशियात (मूल चालताना झोकांड्या खातं, डोळ्यांत लाल शिरा दिसतात) पेशींना किरणं सोसत नाहीत. तिथं डॉक्टर एक्स-रे, सीटी जपून करतात. सोनोग्राफी, एमआरआयवर भर देतात. पण म्हणून बायोप्सी टाळत नाहीत.

त्या पोराची गाठ काढली, साधी निघाली. काढा देत बसले असते तरी ती जिरलीच असती, आणि आईनं तोच मेसेज अनुभवासकट पुढं पाठवला असता. असे मेसेज टिकतात ते यामुळंच.

“आमच्या घरात कुणालाच नव्हतं की,” असं त्या म्हणत होत्या. विस्कॉट-ऑल्ड्रिचमध्ये आई ठणठणीत असते, दोष एक्स गुणसूत्रावरून मुलाकडं जातो. यात तिची चूक काही नाही. हे समजावलं तेव्हा त्या जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “धाकट्या बहिणीला सातवा महिना हाय. तिचीबी तपासणी करायची काय?”

करायची. आणि मुलगा झाला तर बीसीजी (टीबीची, जिवंत जंतूंची लस) टोचण्याआधी डॉक्टरांना हे सांगायचं.