नळी नाही, म्हणजे उपचार नाहीत?

भाच्याचं उजवं फुफ्फुस आपोआप मिटलं. वय २२, उंच, सडपातळ, आधीचा काही आजार नाही. फुफ्फुसातून गळलेली बरीच हवा छातीत त्याच्याभोवती साठली होती, पण धाप नव्हती. म्हणून डॉक्टरांनी काही तास ठेवून, पुन्हा एक्स-रे काढून त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून नातेवाइकांच्या मेसेजमध्ये एकच घोष: "डॉक्टर हातावर हात धरून बसलेत! छातीत नळी घालून हवा काढा, नाहीतर ऑपरेशन करून एकदाचं मोकळं व्हा."

वाचून माझं डोकंच फिरलं. इथे ब्रिटनमध्ये असं कोणी डॉक्टरांच्या डोक्यावर बसत नाही. २०२० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ३१६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या बाबतीत नुसतं थांबून पाहिलं, त्यांच्यातल्या १०० पैकी ८५ जणांना नळी लागलीच नाही. वर्षभरात पुन्हा मिटण्याचं प्रमाणही नळी घातलेल्यांपेक्षा त्यांच्यातच कमी निघालं. इथल्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनाही हवा किती, यापेक्षा त्रास किती, ते आधी बघतात.

नळी मी भोगलीय. मला धाप होती. १११ या आरोग्य-हेल्पलाइनने थेट ए अँड ईला, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात पाठवलं. जागा बधिर केली तरी बरगड्यांमधला तो दाब कळतोच. मग चार रात्री पलंगाखालच्या बाटलीकडे बघत काढल्या. खोकलो की पाण्यात बुडबुडे. कूस बदलायची तरी आधी नळी सांभाळायची. गरज नसताना हे त्या पोराच्या वाट्याला का?

क्षयाची शंका असेल, आधीच फुफ्फुसाचा आजार असेल, तर गोष्ट वेगळी. पुन्हा मिटलं तर दुर्बिणीतून ऑपरेशनचा विचार करावाच. माझंही दुसऱ्यांदा मिटल्यावरच झालं.

ते दुसऱ्यांदा मिटलं, तेव्हा बाबा आयसीयूत होते आणि माझं तिकीट काढलेलं होतं. फुफ्फुस पूर्ण फुलल्याचा एक्स-रे आणि वर सात दिवस, तोवर विमान नाही. बाबांचं सगळं याच भाच्याने केलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

काल ताईला हे आकडे सांगत होतो. म्हटलं, धाप लागली किंवा दुखणं वाढलं तर क्षणभरही थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

"रात्री लागली तर?" ती म्हणाली. "तू नाहीयेस ना इथे."

मी पुन्हा त्या चाचणीबद्दलच बोलायला लागलो.