आग्यामाश्यांच्या हल्ल्यात निश्चल थांबण्याच्या सल्ल्याबाबत खुलासा
‘कड्यावर आग्यामाश्या अंगावर आल्या तर दोराला धरून निश्चल थांबा’ असा संदेश सह्याद्रीतील प्रस्तरारोहकांमध्ये फिरत आहे. तो अर्धवट असून जीवघेणा ठरू शकतो. एखाद-दुसरी माशी घोंघावत असेपर्यंत हातवारे न करता शांतपणे मागे फिरणे योग्यच आहे. परंतु पहिला डंख बसताच त्यातून पसरणाऱ्या गंधद्रव्यामुळे पोळ्यावरील इतर माश्या त्याच जागी धावून येतात, आणि तिथेच थांबणाऱ्याला डंख बसतच राहतात. अशा वेळी तोंड-नाक झाकून, पण दोराची सुरक्षा मुळीच न सोडता, लवकरात लवकर उतरून पोळ्यापासून दूर जावे. रुतलेली नांगी विष सोडत राहते, म्हणून ती सुरक्षित जागी पोहोचताच नखाने खरवडून काढावी. धाप लागल्यास किंवा चेहरा सुजल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.